डिपेंडंटच्या रकान्यात रेणू

११ फेब्रुवारी २०२६
अल्पाइन, टेक्सस. पब्लिक लायब्ररी

बाबा,

तुझ्या यंदाच्या टॅक्स रिटर्नमध्ये मी आहे. हे मला तुझ्याकडून कळलं नाही, आईकडूनही नाही, सरकारकडून कळलं. सकाळी दहाला इथल्या कॉम्प्युटरवरून माझं रिटर्न पाठवलं, बाहेर जाऊन एक बरिटो खाल्ला, परत येते तर रिजेक्ट. कारण काय, तर या नंबरची व्यक्ती आधीच दुसऱ्या कोणाच्या तरी रिटर्नवर डिपेंडंट म्हणून, म्हणजे पोसलेलं माणूस म्हणून, लागलेली आहे. कोणाच्या ते सांगत नाहीत. प्रायव्हसी. जसे काही न्यू जर्सीत, आपल्या पार्सिपनीत, माझे चार बाप आहेत.

तर काम एवढंच आहे की माझं नाव तिथून काढ. तुला दहा मिनिटं लागतील. तू जानेवारी संपायच्या आत स्वतःचं भरून मोकळा होतोस, आणि मग एप्रिलपर्यंत दर शनिवार-रविवार आख्ख्या मराठी मंडळाची रिटर्न्स आपल्या डायनिंग टेबलवर फुकट भरून देतोस. चहा आपला, प्रिंटर आपला, वर लेक्चर पण आपलंच. तुला दुरुस्तीचा फॉर्म कुठला हे मी काय सांगणार.

पत्र का लिहितेय, तर फोनवर आपण इंग्रजीत भांडतो आणि इंग्रजीतलं भांडण फार लवकर संपतं. एक जण फोन ठेवतो की झालं. पत्र आलं की तू पेन्सिल घेऊन दोनदा वाचतोस, मग ते पाण्याच्या बिलाचं का असेना.

स्वतःचं रिटर्न मी यंदा पहिल्यांदाच भरतेय. मागच्या वर्षी कमाई इतकी कमी होती की भरायची गरजच नव्हती. यंदा पगाराचे तीन कागद आलेत, तीन डब्ल्यू-टू, तिन्ही वेगवेगळ्या राज्यांतले आणि तिन्ही चुकीच्या पत्त्यांवरून फिरून आलेले. उन्हाळ्यात माँटानातल्या लॉजमध्ये चादरी बदलल्या, ऑक्टोबरात नॉर्थ डकोटाला बीट, मग नाताळपर्यंत केंटकीत एका गोदामात. बीटची गंमत तुला सांगितलीच नाही. आपण कोशिंबिरीत घालतो तसलं लाल नाही. साखरेचं, पांढरं, माणसाच्या डोक्याएवढं. ट्रकच्या ट्रक येतात आणि आम्ही त्याचे डोंगर रचतो. थंडी अशी की नाक शिंकरायच्या आत गोठतं. पण ऊन चढलं की काम बंद, कारण गरम बीट ढिगात घातलं की सडतं. म्हणजे बर्फात काम आणि उन्हात सुट्टी. तीन दिवस मस्त ऊन पडलं आणि सगळे तोंड पाडून बसले होते.

असो. टॅक्स.

या लायब्ररीत फेब्रुवारीपासून फुकट मदत करायला एक आजोबा बसतात, ग्लेन. चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, आता लोकांची रिटर्न्स भरतात. तुझ्यासारखेच, फक्त लेक्चर नाही. त्यांनी स्क्रीन बघितला आणि म्हणाले, पहिल्याच पानावर चौकट आहे बघ, ‘दुसरं कोणी तुम्हाला डिपेंडंट दाखवू शकतं’. त्यात टिक कर, तासाभरात ॲक्सेप्ट होईल. म्हटलं, पण ते खरं नाहीये. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि हळूच विचारलं, वडील का?

मला एक कळत नाही. सरकारकडे सगळं आधीच असतं ना? लॉजवाल्यांनी कळवलंय, बीटवाल्यांनी कळवलंय, गोदामाने कळवलंय. तरी मलाच विचारायचं, बाई किती कमावलंस, आणि माझं उत्तर चुकलं की म्हणायचं, नाही नाही, आमच्याकडे वेगळा आकडा आहे. अरे मग आधीच सांगा की. मी सही करते आणि घरी जाते. रागावू नकोस, पण ही थेट तुझी पद्धत आहे. रिपोर्ट कार्ड तुझ्या ऑफिसच्या बॅगेत असायचं आणि जेवताना तू विचारायचास, गणितात किती पडले गं?

उत्तर पाठवायचं असेल तर माझं नाव, खाली ‘जनरल डिलिव्हरी’, मग गावाचं नाव आणि झिप कोड. पत्ता नसलेल्यांची पत्रं पोस्टात तशी ठेवून घेतात.

आता तू म्हणशील, स्टुडंट आहे, चोवीसच्या आत आहे, मग डिपेंडंटच झाली. ते जरा वेगळं आहे. ते नंतर.

रेणू

२८ फेब्रुवारी २०२६
अल्पाइन. लाँड्रोमॅट

बाबा,

सतरा दिवस. पोस्टातल्या बाई आता मी दार उघडतानाच मान हलवतात.

इथला तीन नंबरचा ड्रायर कपडे वाळवत नाही, नुसते फिरवतो. माझ्याआधी आलेल्या माणसाने मला ते सांगितलं आणि स्वतः तीन नंबरमध्येच कपडे घातले. विचारलं का, तर म्हणाला सवय आहे.

ग्लेन आजोबांनी मला एक सरकारी पुस्तिका दिली, डिपेंडंट कोणाला म्हणायचं त्याची. मी ती वाचली. हो, मी. तू मला कधी पुस्तक संपवताना पाहिलं नाहीस, पण हे वाचलं, कारण त्यात विचारलेले प्रश्न आपल्या घरात कोणी कोणाला विचारत नाही. मूल वर्षात किती रात्री तुमच्या घरी झोपलं? त्याचा निम्म्याहून जास्त खर्च कोणी केला? ते पूर्णवेळ शिकतंय का? बस. भावना वगैरे काही नाही. तू मोठी झालीस पण आम्हाला काय वाटतं, असलं काही नाही. रात्री मोजा.

मी मोजल्या. २०२५मध्ये तुझ्या घरी अकरा. सगळ्या फेब्रुवारीत. खर्च म्हणशील तर माझा मी केला. आईने माँटानाला पाठवलेला लाडवांचा डबा आणि हिवाळी बूट धरूनसुद्धा.

तिसऱ्या प्रश्नाला मी उठून ड्रायर बघायला गेले.

आता बसलेय परत. तर, मी डिसेंबर २०२३पासून कॉलेजात नाही. नापास झाले नव्हते, ते तुला वाटेल म्हणून आधीच सांगते. एक दिवस कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. लेक्चर सुरू झालं, संपलं, मी उतरले नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मनात आलं की गॅस तेवढाच जळतो, तर निदान कुठेतरी जाऊ तरी. त्या दिवशी पेनसिल्व्हेनियापर्यंत गेले आणि संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातची भेंडी खाल्ली. त्याच्या पुढच्या महिन्यात तुम्हाला सांगितलं की आता कॅम्पसजवळ राहणार, फी लोनवर भरणार, तुम्ही काळजी करू नका. लोन वगैरे काही नव्हतं. मी तेव्हा मेरीलँडमध्ये घोड्यांचा तबेला झाडत होते.

आणि ती मागच्या फेब्रुवारीतली संध्याकाळ. जर्सी सिटीहून शिव आणि इला आले होते, नवीन जोडपं, बुटाच्या खोक्यात कागद भरून. इलाने सहज विचारलं, रेणू काय करते? तू प्रिंटरमध्ये कागद घालत होतास. न बघता म्हणालास, फायनल इयर. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. ‘नाही’ म्हणायला मला पूर्ण वेळ होता. मी म्हणाले, हो, मेमध्ये ग्रॅज्युएशन. इला म्हणाली, वा, काका, मग पार्टी पाहिजे. तू हसलास.

ते गेल्यावर तू तारीख विचारलीस, ऑफिसात सुट्टी टाकायची म्हणून. दुसऱ्या दिवशी विचारलंस पाहुण्यांचे पास किती मिळतात. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये परत, नक्की तारीख कळली का गं? मी म्हणाले, पोर्टल डाऊन आहे. आणि बाराव्या दिवशी तू उठायच्या आत मी गेले. तुझ्या गाडीतल्या जंपर केबल्स पण मीच नेल्या. तेव्हापासून तू फोन केला नाहीस, मीही नाही.

तर माझं नाव तिथे नको. तू खोटं लिहिलेलं नाहीस. तुला मी खोटं सांगितलं. आता माहीत झालंय, आता बदल.

मी मार्चमध्ये युटाला जातेय. खाली मोआबचा झिप लिहिलाय.

रेणू

१३ मार्च २०२६
मोआब, युटा

बाबा,

आईचा फोन आला होता. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमधून, गाडीच्या काचा वर करून. म्हणाली, तू दोन्ही पत्रं वाचलीस. पेन्सिलीने. मग घडी घालून सिटिझनशिपच्या फाइलमध्ये ठेवलीस आणि लॉनचं खत आणायला गेलास.

आणि म्हणाली, इंटरव्ह्यूची तारीख आली. ६ मे, न्यूअर्क.

मला माहीतच नव्हतं रे. म्हणजे अर्ज केलाय एवढं माहीत होतं. मी आठ वर्षांची होते आपण नागपूरहून आलो तेव्हा. दहा वर्षं तू ग्रीन कार्डच्या रांगेत काढलीस, त्या दहा वर्षांत नोकरी बदलली नाहीस, बॉस कसाही असला तरी. स्पीडिंगचं तिकीट नाही, लायब्ररीचा दंड नाही. आई सांगत होती की आता घरात रोज परीक्षा चालते. ती पोळ्या करते आणि तू मागून विचारतोस, राज्यघटनेत दुरुस्त्या किती? ती म्हणते सत्तावीस, आता तवा उतरव. मी हसले. मग ती म्हणाली, “रेणू, टॅक्सचे कागद मागतात तिथे. दोन महिने काही करू नकोस बाळा. ती टिक करून टाक ना. एका टिकने काय होतं?”

मी इथे कॅम्पग्राउंडवर काम करते. सकाळी शेकोटीची राख काढायची, टॉयलेट पेपर भरायचा, मग लोकांना सांगायचं की हो, इथलं पाणी पिण्याचं आहे, आणि नाही, त्या दगडावर चढू नका. दगड मात्र भारी आहेत. लाल, आणि मध्येच मोठ्ठं भोक, पलीकडचं आभाळ दिसतं. एक पोरगी मला म्हणाली हे भोक कोणी पाडलं. म्हटलं वाऱ्याने. किती दिवस लागले? मला काय माहीत, तिला सांगितलं बरेच.

दुपारी ऑफिसातल्या लॅपटॉपवर बसले आणि टिक केली. खरंच केली. सगळं हिरवं झालं. दोन प्रश्न आपोआप गायब झाले, एक पान कमी झालं. नुसतं ‘सबमिट’ दाबायचं बाकी होतं. दर निवडणुकीला कोणीतरी उठून सांगतं ना, टॅक्स इतका सोपा करू की पोस्टकार्डावर मावेल. मला नेहमी वाटायचं, करा ना मग, कोण अडवतंय. माझं पोस्टकार्ड तर तयार आहे. त्यावर तीन ओळी. यंदा कुठे कुठे काम केलं. कुठे झोपलात. जेवायला कोणी घातलं. खाली सही. पण हे लॅपटॉपवरचं बघितलं आणि कळलं की खोटं बोललं तर आत्ताच पोस्टकार्डाएवढं होतं. खरं सांगायचं तर चार पानं.

काढली मी टिक. मग उठले, राख काढायची नव्हती तरी काढली, परत आले आणि परत टिक केली आणि परत काढली.

आईला वाटतं मी हट्ट करतेय. तसं नाही. एका टिकने काय होतं हे मला माहीत आहे. मी तिथे कप घेऊन उभी असताना मला पण हेच वाटलं होतं की दोन शब्दांनी काय होतं. वर्ष झालं, बाबा. आणि दुसरं, हे तीन डब्ल्यू-टू माझे आहेत. चादरी, बीट, खोकी. जगात दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही, डिग्री नाही, पत्तासुद्धा नाही. या एका वर्षी मी कोणाच्या जिवावर जगले नाही, आणि ते लिहायची जागा फक्त या फॉर्मवर आहे.

आता नीट वाच, लागली तर पेन्सिल घे. टिक न करता भरलं तर ऑनलाइन ते घेणार नाहीत, कागदावर पाठवावं लागेल, आणि त्यावर १५ एप्रिलच्या आतला शिक्का पाहिजे. ते पोचलं की सरकारच्या हातात दोन कागद येतात, त्यातला एक खोटा. मग दोघांनाही पत्र येतं. तुला आजपर्यंत एकही आलेलं नाही. आणि ते मेच्या आसपास यायला नको. त्याआधी तू आपणहून दुरुस्त केलंस तर तू चूक सुधारलीस एवढंच राहतं. कोणी काही विचारलं तर तुझ्याकडे कागद असतो.

म्हणून मी १५ एप्रिलपर्यंत थांबते. तोवर नाही केलंस तर मी काय करेन मला माहीत नाही. ही धमकी नाहीये. मला खरंच माहीत नाही.

रेणू

२७ मार्च २०२६
मोआब

बाबा,

तुला माहीत होतं.

आईने काल सांगितलं. सांगायचं नव्हतं तिला, मीच तिच्यावर ओरडत होते की बाबाला एवढं समजत कसं नाही, मी सगळं लिहून कळवलं तरी हलत का नाही, तेव्हा तिच्या तोंडून निघालं. कॉलेजकडून दर जानेवारीत फीचा एक कागद घरी येतो, रिटर्नला लावायचा. मागच्या वर्षी आला नाही. तू मेलबॉक्स आठवडाभर बघितलास, मग आईला विचारलंस तिने कुठे ठेवला का. ती म्हणाली नाही. तू कॉलेजला फोन केलास. त्यांनी माझ्याबद्दल काही सांगायला नकार दिला, पण असा कागद कधी निघत नाही ते सांगितलं, त्या वर्षी फीच भरलेली नसली की. तू थँक्यू म्हणालास. यंदाही आला नाही. यंदा तू फोनसुद्धा केला नाहीस.

आणि दोन्ही वर्षी डिपेंडंटच्या रकान्यात माझं नाव लिहिलंस. तू! मंडळात कोणी कुत्र्याचा खर्च लावू का विचारलं तर अर्धा तास शिव्या घालणारा माणूस. आणि पाचशे डॉलरच्या सवलतीसाठी तू हे करणार नाहीस हे मला कळतं, तेवढे तर तू प्रिंटरच्या शाईत घालवतोस लोकांसाठी. आईने तुला विचारलं होतं म्हणे, काहून करता असं? तिला तुझ्यासारखं नागपुरी बोलायची सवय लागलीय. तू म्हणालास, “यंदाचंच आहे. पुढच्या वर्षी ती चोवीसची होईल, मग सॉफ्टवेअरच घेणार नाही.”

म्हणजे त्या संध्याकाळी इलासमोर तू ‘फायनल इयर’ म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं. मी ‘मेमध्ये’ म्हणाले तेव्हा माहीत होतं. तू हसलास. मग तीन दिवस तारीख विचारत राहिलास. मला वाटायचं बिचारा बाबा, सुट्टी टाकतोय. वर्षभर मी ते डोक्यात घेऊन फिरतेय, बिचारा बाबा, पास किती मिळतात विचारतो. त्यापायी दोनदा फोन हातात घेऊन ठेवला, एकदा तर टोलेडोपर्यंत आले होते पार्सिपनीला यायला निघून, आणि वळले. लाज वाटली म्हणून वळले!

काय पाहिजे होतं तुला? मी रडायला पाहिजे होतं का गॅरेजमध्ये?

आज सकाळी मी माझं रिटर्न छापून आणलं. चार पानं, तीन डब्ल्यू-टू, पाकीट, सगळं. पोस्टात गेले पण होते. लंचची पाटी लावलेली. बाहेर बसले, मग डोंगरावर गेले चालायला, तिथे बुटाचा सोल निघाला. आईने पाठवलेला तोच बूट. सुतळीने बांधून खाली आले. तोवर पोस्ट बंद.

पाकीट गाडीत आहे. सोमवारी टाकते की नाही बघ.

रेणू

९ एप्रिल २०२६
मोआब. पोस्टाच्या पायऱ्या

बाबा,

सोमवारी टाकलं नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. आज तुझं पाकीट आलं.

आधी मला वाटलं रिकामंच आहे. तू कधी पत्रं लिहीत नाहीस, तर म्हटलं चिठ्ठी तरी असेल. नव्हती. दुरुस्तीचे दोन फॉर्म, एक २०२४चा, एक २०२५चा, क्लिप लावून. आईची सही केलेली, तुझी जागा मोकळी. दोन्हीवर डिपेंडंट एकावरून शून्य. मी पायरीवर बसून ते शून्य बघितलं. दोन महिने मी हेच मागत होते ना तुझ्याकडे. पत्रांवर पत्रं लिहून. आणि ते समोर आल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक, मी उठून एका माणसाला उगाच विचारलं, किती वाजले. हातात फोन होता माझ्या.

मग दुसरं पान उलटलं.

त्यात खाली एक मोठी मोकळी जागा असते हे मला माहीत नव्हतं. काय बदललं आणि का, ते तुमच्या शब्दांत सांगा. ग्लेन आजोबांना फोन करून विचारलं, लोक काय लिहितात तिथे? म्हणाले, एक ओळ. डिपेंडंट कमी केला. झालं. कोणी वाचतसुद्धा नाही बहुतेक.

तू चार ओळी लिहिल्यास. तुझ्या त्या बारीक कॅपिटल अक्षरांत, टाइप न करता, पेनाने. मी तीनदा वाचलं आणि मग मराठीत करून बघितलं, कारण इंग्रजीत ते तुझ्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

‘आमची मुलगी डिसेंबर २०२३पासून विद्यार्थिनी नाही आणि आमच्याबरोबर राहत नाही. ती स्वतःच्या कष्टावर राहते. हे मला जानेवारी २०२५पासून माहीत होतं. तिने मला खोटं सांगितलेलं नाही, मीच तिला विचारलं नाही.’

बाबा, तू विचारलं होतंस. टेबलाशी विचारलंस, दुसऱ्या दिवशी विचारलंस, गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा विचारलंस. तारखेचं निमित्त करून खरं काय तेच विचारत होतास, हे मला नंतर एकदा डोंगरावर बुटाची सुतळी परत बांधताना कळलं आणि म्हणून मी पाकीट टाकलं नाही. आता तूच ते पुसून टाकतोयस, आणि कुठे, तर सरकारी कागदावर. बरोबर त्याच्याखाली छापलंय की यातलं काही खोटं असेल तर शिक्षा मान्य आहे, आणि त्या ओळीवर तू सही करणार. दुसऱ्यांनी दान केलेल्या मोज्यांच्यासुद्धा पावत्या तपासणारा तू. एक खोटं खोडायला दुसरं लिहिलंस, तेही माझ्यासाठी, आणि इंटरव्ह्यू चार आठवड्यांवर आलाय. तिथे समोर बसून तो माणूस हेच कागद काढेल आणि विचारेल, हे सगळं खरं आहे का? तू हो म्हणणार, आणि तुझे कान लाल होणार. मला माहीत आहेत तुझे कान.

ती शेवटची ओळ काढ. आधीच्या तीन राहू देत, त्या खऱ्या आहेत. ‘कष्टावर’ हा शब्द तर अजिबात खोडू नकोस.

त्या जागी काय लिहायचं याचा मी इथे बसून बराच विचार केला. मध्ये एक ट्रक आला, त्याच्यावर सगळ्या राज्यांच्या नंबरप्लेट ठोकलेल्या, मी न्यू जर्सीची शोधत बसले. असो. माझ्या मते असं लिही: ‘तिने खोटं सांगितलं. ते खोटं आहे हे मला माहीत होतं. ते आम्हा दोघांनाही चाललं.’ इंग्रजी तू कर, तुझं इंग्रजी फॉर्मला शोभतं. जागा पुरते, मी अक्षरं मोजली. नवीन प्रत काढ, सही त्याच्यानंतर कर, आणि लगेच पाठव.

माझं पाकीट मी आत्ता टाकलं. ती टिकची चौकट रिकामी ठेवली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, पोचल्याची पावती हवी का, त्यांनी सही करून घेतली की कार्ड येतं. म्हटलं हवी. म्हणाला, मग ते कार्ड यायला पत्ता सांगा. तोवर मी कोलोरॅडोत असेन की आयडाहोत, मला सांगता येईना, आणि मागे चार माणसं उभी होती. मी पार्सिपनीचा दिला. घर नंबर सांगताना तो म्हणाला, हळू सांगा, तर मी हळू सांगितला.

येईल आठ-दहा दिवसांत. ठेवून घे.

रेणू